ट्रकवाल्याचं स्थळ

भाचीला ट्रक चालवणाऱ्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा नागपूरजवळ बेशाला बहिणीच्या घरी मुलापेक्षा जास्त चर्चा झाली ती मोबाईलवरच्या एका व्हिडिओची. त्यात मालाचा ट्रक ड्रायव्हरशिवाय चालला होता.

"काहून गा भाऊ, असे ट्रक इकडे आले तं हा पोरगा काय करन?" बहिणीने मला विचारलं.

"आपल्या रोडवर?" भाऊजी म्हणाले. "पहिल्याच गाईपाशी उभा राहीन तो, संध्याकाळवरी."

मुलगा भाचीला आवडला होता, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे मामाने हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. ऐकीव गोष्टींवर मी मत देत नाही. एका सकाळी कळमन्याच्या फळबाजारात त्याच्याच ट्रकमध्ये जाऊन बसलो. संत्री वर्ध्याला जायची होती. तो किती वेळा खाली उतरतो, ते मी लिहीत गेलो. सोळा वेळा. पाचदा दोर आवळायला, चारदा टायर ठोकून पाहायला, एकदा रस्त्यात पडलेली बाभळीची फांदी ओढायला, चारदा किरकोळ कामांना. उरलेल्या दोन वेळा माझ्यासाठी: "मामाजी, उतरून पाय मोकळे करा जी." माझे गुडघे दुखतात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बहिणीकडे सगळं वाचून दाखवलं. सरळ रस्त्याचे चव्वेचाळीस किलोमीटर यंत्रालाही जमले असते, हेही सांगितलं. लपवणं मला जमत नाही.

"म्हणजे हो का नाही?" बहिणीने विचारलं.

"वीस वर्षांनंतरचं मले नाही सांगता येत, बाई."

"मंग गेला कशाले होता? संत्री खाले?"

तेव्हा भाची पहिल्यांदा बोलली. ती दवाखान्यात नर्स आहे. "आई, ट्रक आपोआप चालन तेव्हा चालन. माही ड्युटी तं राहीनच ना. तो घरी स्वैपाक करन. मामा, त्याले स्वैपाक येते का, हे विचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. दिवसभर चौकशी करून हा प्रश्न राहूनच गेला होता. तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"येते जी, मामाजी," तो म्हणाला. "वरण-भात येते, वांग्याची भाजी येते. पोळ्या गोल नाही होत."

"माह्या तरी कुठं होते!" बहीण म्हणाली आणि फोन माझ्या हातून घेऊन तिने त्याला रविवारी जेवायला बोलावलं.