वाघमारे सिस्टरांचे ब्रेक

वाघमारे सिस्टर दिसायच्या आधी त्यांची चप्पल ऐकू यायची. फाट्यावरून गावात येणारा रस्ता चांगलाच उताराचा, आणि त्यांच्या सायकलीचे ब्रेक नावापुरते. मग एक पाय जमिनीला घासत, "सरका, सरका! थांबत न्हाई ही!" असं ओरडत त्या खाली यायच्या. दवाखान्याच्या कुंपणाचा खांब हातात धरून गर्रकन फिरायच्या, तेव्हा कुठं सायकल उभी राहायची. कोंबड्या, पोरं, पारावरचे म्हातारे सगळे सवयीनं बाजूला होत. डाव्या चपलेची टाच कायम उजवीपेक्षा पातळ झालेली असे. परवा त्या गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याच्या आधी मला तो घासल्याचा आवाजच आठवला.

मी त्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होतो. अहमदपूर तालुक्यातलं गाव. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. नवीन कचेऱ्या भाड्याच्या घरांतून बसत होत्या, रोज नवा साहेब यायचा, आणि आमच्यासारख्या नोकरदारांत एकच विषय असायचा: कोण राहणार, कोण जाणार. त्यातच पाऊस दगा देऊन गेला. गावची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला.

सिस्टर मूळच्या भोकरच्या. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. आल्या की "जयभीम, कंपाउंडर भाऊ" म्हणायच्या आणि उभ्या उभ्याच बशीत ओतून चहा प्यायच्या. खुर्ची पुढं केली की म्हणायच्या, "बसायला आले का मी?" आसपासच्या वाड्या-तांड्यांवर बाळंतपणं, लसी, आणि त्या वर्षी विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर, सगळं त्यांच्याच अंगावर. पाणी खराब झालं की जुलाब-उलट्यांची साथ यायची. एखाद्या वाडीवर रोगी असल्याचं कानावर आलं की हातातला कप तसाच खिडकीत ठेवून त्या निघायच्या. बाईमाणूस सायकलीवर बसतं याचं गावाला सुरुवातीला हसू यायचं. पुढं दारात सायकल वाजली नाही तर लोकच विचारायला लागले, सिस्टर का आल्या न्हाईत म्हणून.

पण त्यांचं मन गावात नव्हतं. भोकरला त्यांची आई होती, डोळ्यांनी अधू. धाकटा भाऊ तिला बघायचा, पण दुष्काळात हाताला काम नाही म्हणून तो बायको-पोरांसह निजामाबादकडं वीटभट्टीवर गेला. म्हातारी शेजाऱ्यांच्या भरवशावर. सिस्टरांनी नांदेड जिल्ह्यात बदली मागितली होती. दर सोमवारी त्या म्हणायच्या, "या आठवड्यात होतंय बघा, भाऊ." त्यांच्या क्वार्टरमध्ये मी एकदा गेलो, तर लोखंडी पेटी कुलूप लावून दाराशीच ठेवलेली. बुद्धाची तसबीर वर्तमानपत्रात बांधून भिंतीला टेकवलेली. भिंतीत एक खिळा नाही.

"तसबीर तरी लावा," मी म्हणालो.

"कशाला? परत काढावीच लागंल. आजच्या पुरतं चाललं की मग!"

हे 'आजच्या पुरतं' त्यांच्या तोंडात कायम. फाट्यावर रहीमभाईंचं सायकलीचं दुकान होतं, पत्र्याची टपरी आणि पुढं पाण्याचं घमेलं. एकदा मी बसची वाट बघत तिथं उभा असताना सिस्टर आल्या. रहीमभाईंनी सायकल उलटी केली, ब्रेकची सळई बोटानं हलवून दाखवली. ती लोंबत होती.

"बाई, सरळ करून करून मऊ पडली ही. आणखी एकदा वाकवली तर तुटून हातात येईल. लातूरहून पुरा सेट आणा. एक दिवस सायकल ठेवा माझ्यापाशी, बसवून देतो."

"एक दिवस? मग मी वाडीवर जाऊ कशी?"

"पायी जावा."

"तोवर पेशंट वाट बघून राहील का माझी?"

मी मध्ये पडलो, "नुसती रबरं बदलली तर?"

"सळईच दाबत न्हाई साहेब, रबर काय करील?" रहीमभाई म्हणाले. "बाईची जिद्दच मोठी. दर महिन्याला तार बांधून नेतात."

"बदली होऊन राहिली माझी," सिस्टर चिडून म्हणाल्या. "नवे ब्रेक लावू आणि सायकल इथंच टाकून जाऊ? आजच्या पुरतं करा. तार बांधा."

रहीमभाईंनी तार बांधली. सिस्टर तोवर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होत्या. शेवटची गाठ बसायच्या आत त्यांनी हँडल धरलं होतं.

आईला इकडं का आणत नाही, असं मी विचारलं तेव्हाही उत्तर त्याच जातीचं आलं. "इथं पाण्याचे हाल. आन् महिन्या-दीड महिन्यात मलाच तिकडं जायाचं. आंधळ्या म्हातारीला दोनदा कशाला हलवू?" एवढं बोलून त्या वळल्या, औषधांची कपाटं उगाच उघडून बंद केली आणि निघून गेल्या.

उन्हाळा चढत गेला. एका सकाळी टँकर आला. उताराच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीत तो पाणी सोडायचा. टँकरचा आवाज आला की बायका घागरी-कळशा घेऊन धावत सुटायच्या, रस्ता भरून जायचा. नेमक्या त्याच वेळी सिस्टर फाट्याकडून उतरल्या. मी खिडकीतून बघत होतो. पाय घासत होत्या, ओरडत होत्या, पण पाण्याच्या गलक्यात कुणाला ऐकू येणार? मध्येच चपलेचा पट्टा तुटला. सायकल मोकळी सुटली. समोर राधा होती, दिवस भरत आलेली, डोक्यावर घागर. सिस्टरांनीच बाळंतपणासाठी तिचं नाव नोंदवलेलं. तिनं वळून बघितलं आणि जागच्या जागी खिळली.

सिस्टरांनी हँडल पिळलं. रस्त्याकडेला रोजगार हमीवरच्या मजुरांनी फोडलेल्या खडीचा ढीग होता. सायकल सरळ त्या ढिगात घुसली आणि सिस्टर वरून पलीकडं पडल्या.

आम्ही धावलो. डावं मनगट वाकडं झालं होतं, कपाळातून रक्त. राधा घागर टाकून त्यांच्यापाशी बसली होती, रडत होती. सिस्टरांनी उजव्या हातानं तिचं पोट चाचपलं. "लागलं न्हाई ना तुला? पोर हलून राहिलं का?" राधानं मान हलवली. तरी त्यांनी हात काढला नाही. बाळाची हालचाल हाताला लागल्यावर मग डोळे मिटून घेतले.

अहमदपूरला नेऊन हाताला प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरवर भेटायला गेलो तर त्या खाटेवर नव्हत्या, त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारत होत्या. दारातली पेटी ओलांडायची, भिंतीपर्यंत जायचं, परत फिरायचं.

"भाऊ, रात्रभर डोळा लागला न्हाई. ती पोरगी समोर दिसते." त्या थांबल्या. "बदली होणार म्हणून ब्रेक लावले न्हाईत. बदली होणार म्हणून मायला आणलं न्हाई. तिकडं तीबी अशीच कुणाच्या तरी रस्त्यात उभी असंल."

मग म्हणाल्या, "तुम्ही औषधं आणायला लातूरला जाणार ना? सेट घेऊन या. सळया, रबरं, पुढचं-मागचं सगळं. जुनं काहीच ठेवू नका म्हणावं रहीमभाईंना."

"आणि बदली?"

"होईल तवा होईल." त्यांनी पायानं पेटी दारापासून आत ढकलली. "एक खिळा ठोकून द्या मला. एका हातानं जमत न्हाई."

मी खलबत्त्यातल्या बत्त्यानं खिळा ठोकला. तसबीर त्यांनी स्वतः टांगली, मागं सरून बघितली, पुन्हा जाऊन सरळ केली.

त्या आठवड्यात गळ्यात हात अडकवून त्या एसटीनं भोकरला गेल्या. मी लातूरहून सेट आणला, रहीमभाईंनी तो बसवला आणि जुन्या सळया टपरीच्या कोपऱ्यात फेकल्या. सिस्टर परत यायच्या दिवशी आम्ही दोघं फाट्यावर थांबलो होतो. दुपारच्या गाडीतून त्या उतरल्या, आणि त्यांच्या उजव्या हाताला धरून एक बुटकी, वाळकी म्हातारी. काखेत गाठोडं. भोकर, नांदेड, अहमदपूर असं गाड्या बदलत आलेली ती माय एकच प्रश्न विचारून दमली असावी. "आता कुठं जायाचं गं?" ती पुन्हा म्हणाली.

"आणखी थोडं, माय."

म्हातारीला कॅरिअरवर बसवलं. मी मागून धरलं. सिस्टरांनी उजव्या हातानं हँडल घेतलं, बोटं ब्रेकवर. उताराला लागलो तशी म्हातारी घाबरली. "पडंन मी! सुमन, सोडू नको!"

"न्हाई सोडत."

ब्रेक दाबत, सोडत, दाबत आम्ही पावला-पावलानं उतरलो. सायकल ओढ घेत होती आणि थांबत होती. विहिरीपाशी बायका बाजूला झाल्या. एकीनं विचारलं, "सिस्टर, कोण हो या?" "माझी माय," सिस्टर म्हणाल्या आणि कुणासाठी न थांबता पुढं गेल्या. राधा उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

क्वार्टरपाशी त्यांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"आता कुठं जायाचं?" म्हातारीनं विचारलं.

"कुठंच न्हाई, माय. उतर. आलो आपण."

म्हातारीनं कॅरिअर लगेच सोडलं नाही. थोडा वेळ ती तशीच बसून कानोसा घेत राहिली. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं एक पाय हळूच खाली टेकवला.