निंदणीत गेलेला कुर्डू

आज थकले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

अमळनेरला कॉलेजच्या आवारात मी रानफुलांचा पट्टा राखते. त्यात कुर्डू छातीइतका वाढला होता. पुढच्या वर्षासाठी त्याचं बी धरायचं होतं. आज शेतमजुरी करणाऱ्या अक्कांना पट्टा निंदायला सांगून मी वर्गावर गेले.

परतले तर गवत जागेवर आणि कुर्डू मुळासकट ढिगात!

"ताई, कुर्डू कोनी राखस का? मी बठ्ठा उपटी टाका."

"आणि हे गवत?"

"ते ढोरंसले लागस ना!" अक्का हसल्या.

चूक माझीच. काय ठेवायचं ते मी दाखवलंच नाही. तुरे अजून गुलाबी होते, बी कच्चं. यंदाचं बी गेलं.

जन्मभर कपाशीतून कुर्डू उपटणाऱ्या बाईला तोच जपायला कसं सांगायचं? तुम्ही कसं सांगाल?