यादीतले पेन्सिलचे आकडे

दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी कमलनं डोळे उघडले आणि पाणी मागायच्या आधी मला विचारलं, "यादी कुलपात हाय का?" मी म्हणालो, "हाय." "किल्ली कुणाकडं?" "माझ्याकडं." तिनं हात पुढं केला. "इकडं द्या." संध्याकाळी ती गेली. माझ्या बायकोला माझा संशय होता की दवाखान्यातल्या गर्दीचा, हे आता कोण सांगणार? पाच आठवडे झाले, डोक्यातून ते जात नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर जन्म गेला. कमल दहावी झालेली. आमच्या गल्लीतली अंगणवाडी तिनं चालवली आणि निवडणूक आली की मतदार यादीचं काम सरकार तिच्याच गळ्यात घालायचं. भर उन्हात ती दारोदार हिंडायची. कोण वारलं, कोण सासरी गेलं, कोण नवीन राहायला आलं. लोक विश्वासानं फोन नंबर द्यायचे, ते ती नावासमोर पेन्सिलनं लिहून ठेवायची. पक्षांची माणसं मागं लागायची. "मावशी, पाच मिनिटं द्या की यादी, फोटो काढतो." "शाळेच्या भिंतीला लावलीय, तिचा काढा." "तिच्यावर नंबर न्हाईत की!" "म्हणूनच." घरी यादी पत्र्याच्या पेटीत असायची. मी चिडवायचो, "सोनं हाय का गं त्यात?" ती म्हणायची, "लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून दिलंय. तुमच्या न्हाय."

नवऱ्याचा मार चुकवून पळून आलेली एक बाई आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिली. तिचं नाव, गाव मी लिहिणार नाही, एवढं तरी शिकलोय. यादीत नाव घालायला ती भीत होती. कमल तिला म्हणाली, "नंबर माझ्याजवळच ऱ्हाईल. हक्काचं मत कशाला सोडतीस?" त्या शब्दावर तिनं अर्ज भरला.

आणि एका सकाळी, कमल आंघोळीला गेली असताना, एक कार्यकर्ता घरात आला. यादी जेवणाच्या टेबलावर उघडी होती. "अप्पा, तुमच्या शब्दाला गल्लीत लई वजन हाय," तो म्हणाला. "चार फोटो काढतो. नावं काय, भिंतीवर हाईतच की." मला जन्मात असं कोणी म्हणालं नव्हतं. पेन्सिलच्या आकड्यांकडं माझं लक्ष नव्हतं… नाही, खोटं कशाला लिहू? होतं. तरी मीच एकेक पान उलटून दिलं.

त्या पक्षात त्या बाईच्या दिराची ऊठबस होती, हे मागाहून कळलं. आठवड्याभरात तिला फोन आला. बोलणाऱ्यानं नाव, वय, बूथ सगळं बरोबर सांगितलं आणि विचारलं, "मतदानाची चिठ्ठी द्यायचीय, घर नेमकं कुटं?" तिनं खूण सांगितली. दुसऱ्या दिवशी नवरा दारात. गल्लीनं सोडवली म्हणून वाचली, पण हात मोडला. गल्ली सोडताना कमलला म्हणाली, "मावशी, माजं नाव यादीतनं काढा." तो अर्ज कमललाच भरावा लागला.

कमलचा संशय अंगणवाडीतल्या मदतनीस भागीरथीवर गेला. यादी तिच्यासमोर उघडी असायची आणि तिचा भाऊ पक्षाचे झेंडे लावायचा. पंधरा वर्षांची मैत्री. भर गल्लीत ती रडून म्हणाली, "ताई, लेकरांची शपत, म्या न्हाय." कमल म्हणाली, "शपथ नको. यादीला हात लावू नको." मी उंबऱ्यात उभा होतो. तोंड उघडलं नाही.

पुढं तहसीलच्या बैठकीत कमलनं साहेबाला विचारलं, "नंबर बाहेर गेले तर शिक्षा कुणाला?" "मावशी, यादी तुमच्या ताब्यात, जबाबदारी तुमची." घरी येऊन तिनं आमदाराला अर्ज लिहिला. मुंबईत विधानसभेत कायदा करा. दारात घेतलेला नंबर सरकारी कामाशिवाय कुणाकडं जाऊ नये. जिवाला धोका असलेल्या बाईचा पत्ता भिंतीला लावू नये. फोटो घेणाऱ्याला शिक्षा करा, देणाऱ्यालाही. मला वाचून दाखवला आणि विचारलं, "देणाऱ्यालाही. बरोबर हाय का?" मी म्हणालो, "बरोबर हाय."

उत्तर आलंच नाही. ती जाऊन आठवडा झाला नाही तोवर तिच्या फोनवर एका पक्षाचा निरोप आला : कमलताई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तारीख बरोबर होती. ती कुणी दिली? ही तरी मी दिलेली नाही. कायदा व्हावा असं मला आजही वाटतं, पहिली शिक्षा मला झाली तरी.

परवा अंगणवाडीत गेलो. भागीरथी सतरंजीवर तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. "दाजी, मी गल्लीसमोर चोर ठरले. तुमी माज्या एकटीच्या कानात सांगताय व्हय?" म्हणून हे पेपरात लिहितोय. तिनं काहीही केलं नव्हतं.

खोलीत कमलची लोखंडी खुर्ची यादीच्या कपाटाला पाठ लावून ठेवलेली. आधी ती सतरंजीशेजारी असायची, दोघी बोलत बसायच्या. भांडणानंतर कमल दोन वर्षं कपाट राखत तिथंच बसली. "म्या हलवली न्हाय," भागीरथी म्हणाली. "हलव आता." "तुमीच हलवा की."

मी खुर्ची उचलून सतरंजीशेजारी आणून ठेवली. भागीरथीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मला बसा म्हणाली नाही, मीही बसलो नाही.