देवळात मिटलेलं भांडण

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे आणि त्याला तिथे आमच्या गावाने धाडलंय. असं बोलले की लोकांना मिरच्या झोंबतात. झोंबू देत.

काजूच्या बागेच्या गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, भांडण झालं आणि त्याने काठीने चुलतभावाचा हात मोडला. गुन्हा पहिलाच, म्हणून न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता त्याला परिवीक्षेवर सोडलं. दोन वर्षं नीट वागायचं, दर महिन्याला ओरोसला अधिकाऱ्यापुढे हजर राहायचं. मोडलं तर याच गुन्ह्याची शिक्षा भोगायची. जामीनदार मी राहिले.

मग गावाला शहाणपण सुचलं. दोघांना देवळात उभं करून गावकराने, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांचा भांडाण आज हंयच संपव रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले. मीही डोळे पुसले.

दुसऱ्या महिन्यापासून भावाने ओरोसला जाणं सोडलं. मी खडसावलं तर म्हणतो, "ताये, देवासमोर मिटला. आता थंय गेलंय तर माझो देवावर इस्वास नाय असो अर्थ होतलो."

शेजारी बसलेला गावकर म्हणाला, "भांडाणच नाय, तर कोर्ट कित्याक इचारतला?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी ओरडून घसा बसवला. पण देवळातल्या शब्दापुढे बहिणीला कोण विचारतो?

समन्स आलं, ते त्याने देवाच्या फोटोमागे ठेवलं. मग वॉरंट आलं आणि पोलिसांनी त्याला बागेतून उचललं.

कोर्टात चुलतभाऊ आपणहून आला. त्याच मोडलेल्या हाताने नमस्कार करून म्हणाला, "साहेब, आमचं मिटलं आहे."

"तुमचं मिटलं, चांगलं झालं," न्यायाधीश म्हणाले. "पण यांनी कोर्टालाही शब्द दिला होता." आणि शिक्षा सुनावली. मी मागे वळून बघितलं. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांतला दुसरा एकही तिथे नव्हता. संताप संताप झाला माझा.

परवा गावकर दारात आला. "बाय, नारळ घेवन ये. तेका सोडवूक गाऱ्हाणा घालूया."

नारळ मी आणला, त्याच्या पुढ्यातच फोडला आणि खवायला बसले. "ह्यो कालवणाक आसा," म्हटलं. "देवाक कित्याक त्रास? उद्या तुमीच चला माझ्यावांगडा, तुरुंगात तेका भेटूक."

त्याने चपला पायात सरकवल्या.

"उद्या माका जमूचा नाय," म्हणाला.