सुईचं टोक

आमच्या शिलाई कारखान्यात कुणी दुखलं-खुपलं म्हटलं की एकच शब्द ऐकू येतो, "झाली सेंटी." पंखा बंद आहे म्हणा, सेंटी. सुपरवायझर चारचौघांत अंगावर आला आणि डोळे भरले, सेंटी. एकीचा भाऊ वारला, तिनं सुट्टी मागितली, तर तिलाही तेच. आता सुपरवायझरला तोंड उघडावंही लागत नाही, आम्हीच एकमेकींना म्हणतो. वीट आलाय मला त्या शब्दाचा, पण जिभेवर बसलाय मेला.

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईचं तर नावच सेंटी पडलं. नवीन होती तेव्हा जरा कुणी बोललं की मुळूमुळू रडायची. चिडवून चिडवून आम्ही तिला अशी निबर केली, की नवरा गेला तरी आठवड्यात कामावर हजर, खाली मान घालून कॉलर लावत बसली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

गेल्या वर्षी तिनं लेकीलाही कामाला आणलं. पहिल्याच दिवशी माझ्यादेखत तिला बजावलं, "इथं काही झालं तरी सेंटी व्हायचं नाही. तोंडातून ब्र काढायचा नाही. माझं झालं तेवढं पुरे." पोरीनं मान हलवली.

परवा पोरीच्या मशीनची सुई तुटली. आमच्याकडे नियम असा, की तुटक्या सुईचे सगळे तुकडे जुळवून कागदावर चिकटवून दाखवायचे, तरच नवी सुई मिळते. लहान मुलांचे कपडे असतात, तुकडा आत राहिला तर कुणाच्या तरी अंगात घुसायचा. बाकीचे तुकडे मिळाले, टोक काही मिळेना. सगळी रांग बंद. सुपरवायझर लोहचुंबक फिरवतोय, आम्ही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपतोय. शिवलेला एकेक फ्रॉक झटकून झाला. कंबरेचा काटा ढिला झाला माझ्या. आई सगळ्यांच्या पुढे, आणि खेकसत होती लेकीवरच, "हातपाय हलव की जरा, बघत काय बसलीस?"

पोरगी उठली. चेहरा पांढराफटक, डाव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. मला राहवेना. मीच तिचा हात ओढला आणि चिंधी सोडली. बोट लालबुंद झालेलं, नखाच्या कडेला बारीक काळा ठिपका. टोक तिथं होतं.

"अगं, मग बोलायचं नाही का?" आई म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, सेंटी व्हायचं नाही."

सुपरवायझरनं चिमटा आणून टोक काढलं. आई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "रड गं बाई, रड. कुणी काही म्हणत नाही."

पोरगी रडली नाही. तिनं टोक पुसलं, कागदावर बाकीच्या तुकड्यांशेजारी चिकटवलं आणि नवी सुई मागितली.