मोरपंखी पडदा

पिंप्राळ्यात आमच्या समोर राहणाऱ्या अक्का कुणाकडेही गेल्या की आधी खुर्ची सरकवायच्या आणि मगच तिच्यावर बसायच्या. जुन्या साडीचा पडदा, ट्रंकेवर गोधडी टाकली की दिवाण, रिकाम्या बाटलीत मनीप्लांट. "इकत कसाले लेवानं? बठ्ठं घरमाच शे!" विकत कशाला घ्यायचं, सगळं घरातच आहे, हे त्यांचं पालुपद. मला ती ढवळाढवळ मुळीच आवडत नसे.

ताईला बघायला शिरपूरचे पाहुणे येणार होते, त्या सकाळी अक्कांनी स्वतःच्या खिडकीचा मोरपंखी पडदा काढून आणला आणि आमच्या उघड्या खिडकीला लावला. दुपारी पाहुण्यांसमोर पुन्हा आल्या, त्या दारातच थबकल्या. "नवा पडदा शे का, वहिनी?" आई नुसती हसली.

मुलाच्या आईने तोच पडदा सारून सहज बाहेर पाहिलं. समोरचं घर खिडकीतून पार आतपर्यंत दिसत होतं.

"तिथे कोण राहतं हो? साधा पडदासुद्धा नाही!"

अक्कांनी शांतपणे बशीतला चहा संपवला.

"शे एक आळशी बाई," त्या म्हणाल्या. "तिले घर सजाडानी हौसच नही."