शिट्टी झाली की पाय काढायचा

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही वाशीच्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा तिथे चोवीस बिऱ्हाडं आणि चार स्कूटर होत्या. मोटार एकाकडेही नव्हती. त्यामुळे एका रविवारी दोरखंडांनी बांधलेली एक हिरवी, विलायती, बिनछताची मोटार टेंपोतून आली आणि आमच्या ह्यांनी ती पाण्याच्या टाकीशेजारी उतरवून घेतली, तेव्हा सगळ्या बाल्कन्या भरल्या. सेक्रेटरींच्या बायकोने वरून विचारलं, "वहिनी, मागची सीट मागनं येणार आहे का?"

मागची सीट येणार नव्हती. गाडीच मुळात दोघांची. तिचं इंजिनही चालत नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचा वेडेपणा एकदम सगळा उघडा करू नये, हप्त्याहप्त्याने करावा, असं माझं मत होतं.

हे पावणे गावातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट जेवणारा माणूस. पण बंद पडलेलं यंत्र दिसलं की ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. पुढची तीन वर्षं ह्यांचे सगळे रविवार त्या गाडीखाली गेले. तळवलीहून मासळी घेऊन येणारी मावशी टोपली उतरवता उतरवता वाकून बघायची आणि मला विचारायची, "गो बाय, तुजा नवरा रोज गारीखाली निजतं, मंग गारीन बसतं कवा?" मी मासळीचा भाव विचारायचे.

इंजिन सुरू झालं तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर नाही. कारखान्यात एक परदेशी यंत्र मोडीत निघालं होतं, त्याचा टर्बो ह्यांनी रीतसर परवानगी घेऊन घरी आणला. दुधीभोपळ्याएवढी ती वस्तू जेवणाच्या टेबलावर ठेवून मला समजावलं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते हवा कोंबून परत इंजिनात ढकलतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर.

"म्हणजे उष्ट्यावर चालणारं," मी म्हटलं. ह्यांना ते फार आवडलं. पुढे हे सगळ्यांना तसंच सांगत सुटले, आणि माझं नाव मात्र घेत नव्हते.

अडचण एकच होती. हवा प्रमाणाबाहेर कोंबली गेली तर इंजिन फुटणार. म्हणजे दाब वाढला की सांगणारं काहीतरी हवं. यावर ह्यांनी आठवडाभर विचार केला आणि एका सकाळी माझ्या प्रेशर कुकरची शिट्टी गायब झाली. ती मला थेट बॉनेटमधून वर आलेल्या एका नळीवर सापडली, काचेच्या पुढ्यात, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. "अगं, दाब अगदी बरोबर आहे हिचा," हे म्हणाले. "शिट्टी झाली की पाय काढायचा. इतकं सोपं." महिनाभर आम्ही पातेल्यात डाळ शिजवली.

इकडे सोसायटीत वातावरण तापत होतं. पाण्याच्या टाकीशेजारची जागा गणपतीच्या मांडवाची. दोन वर्षं मांडव गाडीला वळसा घालून उभारला होता आणि बाप्पाचं तोंड जिन्याकडे झालं होतं. शेवटी सर्वसाधारण सभा बोलावली. सेक्रेटरी मंत्रालयात नोकरीला. ते घरी बायकोशी सुद्धा 'सदर भाजी' असं बोलत असावेत असा मला संशय होता. त्यांनी मुद्दा मांडला की सदर वस्तू वाहन असल्यास तिला जागा मागण्याचा हक्क आहे, आणि भंगार असल्यास नाही. तेव्हा आधी ते ठरवलं पाहिजे.

त्याच सुमाराला मुंबईच्या काही मोटारवेड्या मंडळींनी तुर्भ्याच्या बाजूला एक मोकळं आवार एका रविवारपुरतं मिळवलं होतं. गोदामं व्हायची होती, काँक्रीट तेवढं घालून झालेलं. तिथे पिंपं मांडून गाड्या पळवायच्या, तीन फेऱ्या, घड्याळ लावून. ह्यांनी त्यात नाव घातलं होतं. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ठराव लिहिला: सदर वस्तूने तीन फेऱ्या पूर्ण करून स्वबळावर सोसायटीच्या फाटकातून आत आल्यास ती वाहन समजावी, अन्यथा भंगार समजून आठ दिवसांत हलवावी. हात वर झाले. ह्यांनी सुद्धा वर केला. मी नाही केला. मला गाडी जायला हवी होती, पण अशी नको होती. तीन वर्षांचे रविवार आठ दिवसांत हलवायचे म्हणजे काय, ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

त्या रविवारी सगळी सोसायटी निघाली. एक टेंपो ठरवला, त्यात सतरंज्या, पोह्यांचं पातेलं, चहाचे थर्मास. निघण्याआधी गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. बॉनेटला हवा आत जायला एक गोल तोंड होतं. सेक्रेटरींच्या बायकोने ओवाळलं आणि तोंड दिसलं म्हणून त्यात भक्तिभावाने चिमूटभर अक्षता आणि एक पेढा घातला. हे पाऊण तास चिमट्याने तांदूळ वेचत बसले. पेढा निघाला, तो ह्यांनी खाल्लासुद्धा.

आवारात पोचल्यावर टोपी घातलेला, हातात पुठ्ठा धरलेला एक माणूस आला. प्रत्येक गाडीत आग विझवायचं काहीतरी हवं, म्हणाला. आमच्याकडे काही नव्हतं. सेक्रेटरी टेंपोकडे धावले आणि आमच्याच जिन्यातली वाळूची लाल बादली घेऊन आले. ती त्यांनी का आणली होती, हे मी कधी विचारलं नाही. मग तो माणूस म्हणाला, "लायसन?"

ह्यांनी लायसन दिलं. त्याने ते उलटसुलट केलं. "हे तर स्कूटरचं आहे."

"हो," हे म्हणाले. "पण गाडी मी बनवलीय."

"बनवा हो. चालवायचं लायसन दाखवा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हणजे इंजिन सुरू झाल्यापासून पहाटे मोकळ्या रस्त्यांवर हे गाडी फिरवून आणत होते ते विनालायसन? "परीक्षेला गाडी न्यावी लागते," हे हळू आवाजात म्हणाले, "आणि गाडी तयार नव्हती." मी पोह्यांच्या पातेल्याकडे निघाले होते. तेवढ्यात सेक्रेटरींची बायको टेंपोतून ओरडली, "अहो, वहिनींकडे आहे की लायसन! बँकेत दाखवतात त्या!"

माझ्या वडिलांचा ठाण्यात मोटार शिकवण्याचा धंदा होता. अठरावं लागल्याबरोबर त्यांनी मला शिकवून लायसन काढून दिलं होतं. लग्नानंतर त्या लायसनचा उपयोग ओळख पटवण्यापुरता. मी सरळ नाही म्हटलं. मग मी ह्यांचं तोंड पाहिलं. हे माझ्याकडे काही मागत नव्हते. नुसते गाडीचं दार धरून उभे होते, आणि मला ह्यांची इतकी दया आली की मी पदर खोचला.

चपला काढल्या. ह्यांचं स्कूटरचं हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. हे शेजारी बसले, मांडीत वाळूची बादली. सोसायटीने 'गणपती बाप्पा मोरया' केलं. पुठ्ठेवाल्याने निशाण खाली केलं आणि गाडी बंद पडली. सहा वर्षांनी क्लच दाबत होते मी. दुसऱ्यांदा निघाली.

पहिली फेरी मी बाजारात निघाल्यासारखी चालवली. वळणावर हात बाहेर काढून इशारा दिला. दुसऱ्या फेरीत स्टिअरिंग जरा हाती आलं. तिसऱ्या फेरीला लांब सरळ पट्टा लागला तेव्हा हे म्हणाले, "आता जरा दाब."

मी दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग कुणीतरी माझ्या पाठीत दोन्ही हातांनी धक्का दिला. पिंपं, माणसं, सतरंज्या सगळं मागे सरकलं, नव्हे, मागे फेकलं गेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या नळीवर शिट्टी झाली, अगदी घरच्यासारखी. "पाय काढ!" हे ओरडले. मी नाही काढला. दुसरी शिट्टी झाली. "अगं, पाय!" तिसरी झाली, लांबलचक, आणि ह्यांचं ओरडणं वाऱ्यावर गेलं. मग बॉनेटखाली फाटकन आवाज झाला, पांढरा धूर आला आणि गाडीचा जीव गेला. आलेल्या वेगावरच ती रेषेपलीकडे घरंगळली. हे उतरले, बॉनेट उघडलं आणि बादलीतली वाळू न टाकता नुसते बघत राहिले. पिस्टनला भोक पडलं होतं.

परत येताना टेंपो पुढे, दोरीने बांधलेली गाडी मागे. फाटकातून आम्ही आत आलो ते असे. तीन फेऱ्या झाल्या होत्या, पण स्वबळ राहिलं नव्हतं.

चार दिवसांनी सभा भरली. गंमत म्हणजे आता कुणालाच गाडी हलवायला नको होती. तिसऱ्या फेरीला सगळी सोसायटी सतरंजीवर उभी राहून किंचाळली होती, आणि सेक्रेटरींचा घसा अजून बसलेला होता. पण ठराव तो ठराव. त्यांनी घोगऱ्या आवाजात वाट काढली: सदर बिघाड यंत्राच्या दोषामुळे झाला असल्यास ठराव लागू होतो. चालकाच्या चुकीमुळे झाला असल्यास वाहनाला शिक्षा करता येणार नाही. "तर," त्यांनी ह्यांना विचारलं, "चूक कोणाची?"

हे उभे राहिले. "चूक माझी. रचनेची," हे म्हणाले. "कुकरची शिट्टी मी लावायला नको होती. घरात रोज तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करायची हिला सवय. हाताला वळण असतं. पहिल्या शिट्टीला पाय निघणार कसा? हा दोष यंत्राचाच धरावा."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. "बरोबर आहे, डाळीला तीनच," सेक्रेटरींची बायको म्हणाली. "आमी तर चण्याला पाच घेतो," मागून कुणीतरी म्हटलं. हसणं झालं. सेक्रेटरींनी नाइलाजाने पेन उचललं. मी गप्प बसले असते तर माझ्यावर काहीच आलं नसतं. उलट सगळ्यांना माझी कीवच आली असती. आणि तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते झालं असतं, गाडी गेली असती.

मी उभी राहिले. "हे खोटं बोलतायत," मी म्हटलं. "मला तिन्ही शिट्ट्या ऐकू आल्या. ह्यांचं ओरडणं पण ऐकू आलं. डाळ आणि गाडी यातला फरक मला कळतो. मी पाय काढला नाही, कारण मला काढायचा नव्हता."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि लिहिलं. मग वाचून दाखवलं: "चूक चालकाची. वाहन निर्दोष. चालकास तोंडी समज देण्यात यावी." मला तिथल्या तिथे उभं करून तोंडी समज देण्यात आली. सगळ्यांनी हात वर केले, मी पण केला. गाडी पाण्याच्या टाकीशेजारी राहिली.

घरी आल्यावर मी भांडायची तयारी ठेवली होती. इंजिन मी फोडलं आणि वर चारचौघांत ह्यांना खोटं पाडलं. पण हे खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "तू ऐकलं होतंस?" ह्यांनी विचारलं.

"सगळं."

"तरी नाही काढलास?"

"नाही काढवला."

हे अगदी लाजत म्हणाले, "मग सांग ना कसं वाटलं. पहाटे मला कधी तेवढी पळवायला धीरच झाला नाही. आणि रविवारी, पहिल्या शिट्टीला मी डोळे मिटून घेतले होते."

मी सांगायला सुरुवात केली. धक्का कुठे बसला, आवाज कसा बदलला, पिंपं कशी मागे गेली. हे मधे मधे थांबवून विचारत होते, म्हणजे नेमकं कधी, त्याच्या आधी का नंतर. सांगता सांगता मला रडू आलं. हा माणूस ज्या पाच-सहा सेकंदांसाठी तीन वर्षं जमिनीवर पाठ घासत राबला होता, ते माझ्या वाट्याला आले होते, ह्यांच्या नाही. डोळे पुसले आणि मी परत पहिल्यापासून सांगितलं.